पहाटेचे स्वप्न : समज आणि विज्ञान

मनुष्य आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत घालवितो आणि त्या झोपेतील दररोजचे दीड-दोन तास तरी स्वप्ने पाहण्यात जातात. श्रीमंत-गरीब, शिकलेला-अडाणी, स्त्री-पुरुष असा भेद येथे नाही. इतकी सार्वत्रिक गोष्ट असूनही स्वप्नांविषयी आपल्या समाजात जेवढी भीती आहे, तेवढी माहिती मात्र नाही. स्वप्नात दात पडला की घरातले कोणी जाणार, स्वप्नात लग्न दिसले की अशुभ, आणि पहाटेचे स्वप्न तर हमखास खरे होणार, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अशा एखाद्या स्वप्नापायी ठरलेला प्रवास रद्द होतो, घरात नव्याने आलेल्या सुनेकडे वाकड्या नजरेने पाहिले जाते, ऐन परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्याचा धीर खचतो आणि उतारा सांगणाऱ्याच्या हाती घरखर्चातले पैसे जातात.

म्हणून स्वप्ने सामान्यतः कशी असतात आणि ती आपल्या लक्षात कशी राहतात, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. बँकेत खाती लिहिणारे कारकून आहोत. परंतु नोंद आणि हिशेब तपासण्याची सवय हाडीमासी खिळलेली आहे, आणि स्वप्नांच्या बाबतीतही तीच सवय उपयोगी पडते असे आम्हांस वाटते.

झोपेत काय घडते?

१९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन या दोघांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. झोपलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून काही वेळा मिटल्या पापण्यांआड भराभर हलू लागतात आणि त्या वेळी त्यास उठविले, तर तो बहुधा स्वप्न सांगतो, असे त्यांना आढळले. झोपेच्या या अवस्थेला आपण 'नेत्रचलन निद्रा' म्हणू. पुढे १९५७ साली विल्यम डिमेंट व क्लाइटमन यांनी याची मोजदाद केली. नेत्रचलन निद्रेतून १९१ वेळा माणसांना उठविले असता १५२ वेळा त्यांना स्वप्न आठवले. इतर झोपेतून १६० वेळा उठविले असता केवळ ११ वेळा आठवले. नंतरच्या संशोधनात इतर झोपेतही स्वप्ने पडतात असे दिसून आले, परंतु ती बहुधा लहान, फिकी आणि नुसत्या विचारासारखी असतात.

रात्रभरात ही अवस्था साधारणपणे चार-पाच वेळा, सुमारे दर दीड तासाने येते. पहिली खेप काही मिनिटांचीच असते. जसजशी रात्र सरते तसतशी ही खेप लांबत जाते आणि पहाटेची खेप अर्धा-पाऊण तासही चालते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

स्वप्न क्षणात पडते आणि क्षणात संपते, असाही एक समज आहे. डिमेंट व क्लाइटमन यांनी नेत्रचलन सुरू झाल्यावर कधी पाच तर कधी पंधरा मिनिटांनी माणसाला उठवून, स्वप्न किती वेळ चालले असावे हे विचारले. १११ पैकी ९२ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे स्वप्नातल्या घटनेला बहुधा प्रत्यक्षातल्या इतकाच वेळ लागतो.

या अवस्थेत हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्णपणे सैल पडतात. हे सोयीचेच आहे. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून उठून धावला असता. कधी कधी मात्र मन जागे होते आणि शरीर काही क्षण तसेच जखडलेले राहते. डोळे उघडे, पण हात हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, छातीवर कोणी बसले आहे असे वाटते. यालाच पुष्कळ लोक भुताची किंवा करणीची बाधा समजतात. वस्तुतः ही झोप आणि जाग यांची झालेली सरमिसळ असते व ती थोड्या वेळात आपोआप उतरते. जागरण आणि झोपेची अनियमितता यांनी हा त्रास वाढतो.

स्वप्ने असतात तरी कशी?

स्वप्न म्हटले की उडणे, साप, राक्षस असे काही अद्भुत डोळ्यांसमोर येते. परंतु ज्यांनी स्वप्ने जमवून त्यांची मोजणी केली, त्यांना निराळेच चित्र दिसले. मेरी कॅल्किन्स या अमेरिकन विदुषीने १८९३ साली आपली व आपल्या एका सहकाऱ्याची मिळून ३७५ स्वप्ने तपासून अहवाल लिहिला. रात्री गजर लावून उठायचे आणि मेणबत्तीच्या उजेडात लगेच लिहायचे, अशी तिची पद्धत. बहुतेक स्वप्ने रोजच्या जगण्यातल्या माणसांशी, जागांशी आणि प्रसंगांशी निगडित आहेत, असा निष्कर्ष तिने काढला. पुढे कॅल्विन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी १०० विद्यार्थी व १०० विद्यार्थिनी यांची प्रत्येकी पाच, अशी १,००० स्वप्ने तपासून १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनाही घर, ओळखीची माणसे, गप्पा, चालणे-फिरणे यांचीच गर्दी दिसली. मात्र मैत्रीपेक्षा भांडण अधिक आणि सुदैवापेक्षा दुर्दैव अधिक, हेही आढळले. पुरुषांच्या स्वप्नांत दोन तृतीयांश पात्रे पुरुष, तर स्त्रियांच्या स्वप्नांत स्त्री-पुरुष साधारण समसमान, हीसुद्धा एक मौजेची गोष्ट त्यातून निघाली.

आपल्या पूर्वजांनी 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' या म्हणीत हेच सांगून ठेवले आहे. रोखपालाला स्वप्नात संध्याकाळी रोकड जुळत नाही. शिक्षकाला वर्ग आवरत नाही. आईला गर्दीत मूल सापडत नाही. ज्याची काळजी दिवसा, त्याची सोबत रात्री.

काही स्वप्ने मात्र देशोदेशींच्या लोकांना सारखीच पडतात. १९५८ साली अमेरिकन व जपानी विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा उंचावरून पडणे, कोणीतरी पाठलाग करणे, एकच काम पुन्हा पुन्हा करूनही न जमणे, शाळा व अभ्यास, ही स्वप्ने दोन्हीकडे आढळली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील विद्यार्थ्यांच्या पाहणीतही पाठलागाचे स्वप्न पहिल्या क्रमांकावर होते. परीक्षेचे स्वप्न तर नोकरीतून निवृत्त झालेल्यांनाही पडते. पेपर कोरा राहिला, परीक्षेची खोली सापडत नाही, ज्या विषयाचा अभ्यासच केला नाही त्याचा पेपर समोर आला, असे ते असते. अशी स्वप्ने बहुधा पास झालेल्या परीक्षेचीच असतात, याची नोंद फ्रॉइड यांनी आपल्या स्वप्नांवरील ग्रंथात केलेली आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, स्वप्नात नापास झालात म्हणून खचून जाऊ नका. ते स्वप्न निकाल सांगत नाही. मनावर ओझे आहे एवढेच सांगते.

स्वप्न पाहणेही शिकावे लागते, असे दिसते. डेव्हिड फोक्स यांनी लहान मुलांना प्रयोगशाळेत झोपवून अभ्यास केला. पाच वर्षांखालील मुलांना उठविल्यावर क्वचितच काही सांगता आले आणि जे सांगितले तेही एखाद्या स्थिर चित्रासारखे. कथेसारखी स्वप्ने पुढे, कल्पनाशक्तीच्या वाढीबरोबर येतात. जे जन्मांध असतात त्यांच्या स्वप्नांत दृश्ये नसतात. आवाज, स्पर्श, गंध आणि चव यांचेच ते जग असते.

काही लक्षात राहते, बाकी का विसरते?

एका रात्रीत इतकी स्वप्ने पडूनही साधारण प्रौढ माणसाला आठवड्यातून एखादे स्वप्न आठवते. "मला स्वप्नेच पडत नाहीत" असे म्हणणाऱ्या पुष्कळांना प्रयोगशाळेत योग्य वेळी उठविले असता स्वप्न सांगता येते. म्हणजे व्यवहार रोज होत असतो, पण पासबुकात नोंद होत नाही.

याची कारणे अशी आहेत. स्मृती पक्की करण्यास मदत करणारे नॉरएड्रिनलिन नावाचे द्रव्य नेत्रचलन निद्रेत मेंदूमध्ये अत्यल्प असते. त्यामुळे स्वप्न चालू असताना किंवा संपताच जाग आली, तरच ते हाती लागते. झोप पुढे तशीच चालू राहिली, तर पुसले जाते. ज्यांची झोप रात्री वारंवार चाळवते, त्यांना स्वप्ने अधिक आठवतात. दुसरे कारण जागे झाल्यानंतरचे. १९७३ सालच्या एका प्रयोगात काही जणांना उठल्याबरोबर दूरध्वनीवरून हवामानाची माहिती घेऊन लिहावयास सांगितले. त्यांना इतरांपेक्षा कमी स्वप्ने आठवली. आपल्याकडे पाण्याची वेळ, डबा, लोकल हे सारे उठल्या उठल्या अंगावर येते. तेथे स्वप्न टिकणार कसे?

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. भय वाटले की आपण दचकून जागे होतो आणि जागे झालो म्हणून ते स्वप्न लक्षात राहते. बाजारात गेलो, भाजी घेतली, शेजाऱ्याशी बोललो, असे साधे स्वप्न जाग न आणताच निघून जाते. जे विचित्र, तेच आपण दुसऱ्यास सांगतो, आणि सांगितले की ते आणखी घट्ट होते. त्यामुळे आपल्या आठवणीत उरते ती सर्व स्वप्नांची खरी प्रतवारी नसते. भीतीने निवडून काढलेला तो एक ढीग असतो.

पहाटेचे स्वप्न खरे होते काय?

आता मघाची गोष्ट आठवावी. पहाटे नेत्रचलन निद्रा सर्वांत लांब असते, म्हणून स्वप्नही लांब आणि ठसठशीत पडते. त्यानंतर लगेच उठण्याची वेळ होते, म्हणून तेच लक्षात राहते. मध्यरात्रीचे स्वप्न कोणास आठवतच नाही, तर ते खरे झाले की खोटे हे पाहणार कोण? पहाटेच्या स्वप्नाचा मान हा त्याच्या खरेपणाचा नव्हे, तर केवळ वेळेचा आहे.

राहिला प्रश्न कधीतरी खऱ्या ठरणाऱ्या स्वप्नांचा. येथे थोडा हिशेब करू या. प्रत्येकास आठवड्यास एक स्वप्न आठवते असे धरले, तर वर्षाला ५२ होतात. पाच माणसांच्या घरात २६०. आणि दोनशे घरांच्या वस्तीत एका वर्षात ५२,००० स्वप्ने. एवढ्या स्वप्नांतून दोन-चार पुढे घडलेल्या एखाद्या मृत्यूशी किंवा अपघाताशी जुळली, तर त्यात नवल ते काय? न जुळलेल्या हजारोंची चर्चा होत नाही. जुळलेल्या दोहोंची पिढ्यान्‌पिढ्या होते. शिवाय आजारी माणसाची काळजी मनात असते म्हणूनच तो स्वप्नात येतो, आणि घटना घडून गेल्यावर सांगताना स्वप्नाला नकळत नवे तपशील चिकटतात. जमेची बाजू तेवढी वाचून दाखवायची आणि नावेची बाजू झाकून ठेवायची, असा ताळेबंद कोणताही हिशेब तपासनीस मान्य करणार नाही.

पाली साहित्यातील स्वप्नविचार

या विषयाचा विचार पाली वाङ्मयातही आलेला आहे. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद भदंत नागसेनांना स्वप्नांविषयी प्रश्न विचारतो. नागसेन स्वप्नाची सहा कारणे सांगतात : वात, पित्त, कफ, देवता, सवयीने केलेली कृती आणि पूर्वनिमित्त. यांपैकी शेवटच्यालाच तेथे खरे मानले आहे. ती त्या काळाची समजूत होय. परंतु सहापैकी पाच प्रकारांना भविष्याशी काही देणेघेणे नाही, त्यांतील बहुतेकांचे मूळ शरीरात आणि सवयीत आहे, आणि स्वप्न गाढ झोपेत नव्हे तर झोप व जाग यांच्या मधल्या अवस्थेत पडते, हे त्यात सांगितले आहे, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे.

महासुपिन जातकातील कथा याहून बोलकी आहे. कोसलच्या राजाला रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, म्हणजे पहाटेच, सोळा स्वप्ने पडतात. तो घाबरतो. पुरोहित मोठे संकट सांगून यज्ञाची तयारी करतात आणि बळीसाठी जनावरे गोळा होतात. राणी मल्लिका राजाला तथागतांकडे जाण्यास सुचविते. या स्वप्नांपासून तुला काहीही भय नाही, असे तथागत राजास सांगतात. कथेत त्या स्वप्नांचा अर्थ अधर्मी राज्यकर्त्यांच्या भावी काळाशी जोडलेला आहे; पण शेवट महत्त्वाचा. यज्ञ थांबतो आणि जनावरे सुटतात. स्वप्नाची भीती कोणाची आणि तिची किंमत मोजतो कोण, हा प्रश्न या कथेने फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात श्रमणाने टाळावयाच्या उपजीविकांच्या यादीत स्वप्नफल सांगणे येते, तेही उगीच नव्हे.

आपण काय करावे?

जिज्ञासू विद्यार्थ्यांनी स्वतःच हा प्रयोग करून पाहावा. त्यासाठी एक वही आणि पेन्सिल पुरे.

१. झोपताना वही उशाशी ठेवावी आणि स्वप्न आठवायचे आहे, असे मनाशी म्हणावे.
२. जाग येताच कूस बदलू नये, डोळे उघडू नयेत. शेवटचे दृश्य धरून मागे मागे जावे.
३. लगेच तारीख घालून लिहावे. जेवढे आठवते तेवढेच लिहावे, गोष्ट पुरी करण्यासाठी पदरचे घालू नये.
४. आदल्या दिवशीची काळजी किंवा प्रसंग शेजारी लिहावा.
५. स्वप्नाने काही भाकीत केले असे वाटल्यास ते घटना घडण्यापूर्वीच लिहावे, आणि सहा महिन्यांनी खरी किती व खोटी किती यांची बेरीज करावी.

मात्र दुःस्वप्ने वारंवार पडून झोप मोडत असेल, अपघात, दंगल, मारहाण यांनंतर तोच प्रसंग रात्री पुन्हा पुन्हा दिसत असेल, किंवा घरातील वयस्क माणूस झोपेत लाथा-बुक्क्या मारत असेल, तर अंगारा-धुपारा न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुःस्वप्नांवर उपचार आहेत. भयंकर स्वप्नाचा शेवट दिवसा जागेपणी बदलून लिहावयाचा आणि तो रोज थोडा वेळ मनात घोळवावयाचा, या पद्धतीने अनेकांना उतार पडतो.

स्वप्नाला शत्रू मानण्याचे कारण नाही आणि ज्योतिषी मानण्याचे तर मुळीच नाही. आपल्या मनात काय साठले आहे हे ते अधूनमधून दाखविते, एवढाच त्याचा उपयोग. घरातील मुलाने उद्या सकाळी घाबरून स्वप्न सांगितले, तर त्यास गप्प करू नये, उतारा तर नाहीच नाही. जवळ बसवून "काल तुला कशाची काळजी वाटत होती?" एवढे विचारावे. त्या प्रश्नाला जे उत्तर येईल त्याकडे लक्ष देणे, हेच खरे कर्तव्य आहे.