गोळी चालू ठेवा, चालणंही सुरू करा

रोवणीच्या दिवसांत मूल, सावली, आरमोरीकडच्या बाया विचारतात, "दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडते, आता आणखी व्यायाम कायचा?" त्यांचं चुकत नाही. पण मजुरीचे कष्ट मनाची उदासी हलकी करतातच असं नाही. आपल्या मर्जीनं, सोबतीनं, अर्धा-पाऊण तास झपझप चालणं वेगळं.

सोबतीनं धावण्याचा मनाला गुण येतो, याचा पुरावा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या अभ्यासात नैराश्य किंवा चिंतारोग असलेले १४१ जण होते. गोळ्या की गटानं धावणं, हे बहुतेकांनी स्वतःच निवडलं. १६ आठवड्यांनी दोन्ही गटांत जवळपास सारखेच, सुमारे ४४ टक्के लोक बरे झाले. धावणाऱ्यांचं वजन आणि रक्तदाबही सुधारला. मात्र नेमानं धावणारे निम्मेच उरले. गोळ्या घेणारे दहातले आठ टिकले. उदास माणसाला अंथरुणातून उठणंच जड जातं, त्याला आळशी म्हणू नका. त्याच्या दारात जाऊन हाक मारा.

आपल्याकडे सोबत आणखी एका कारणानं हवी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागात वाघाचं भय खरं आहे. अंधारात जंगलाच्या कडेनं जाऊ नका. चांगलं उजाडल्यावर शाळेच्या मैदानात किंवा गावातल्या रस्त्यावर चाला. मे महिन्यात मात्र ऊन चढायच्या आत घरी या.

गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकारानं गाठलं. चालणं, आहार, योग, ध्यान यांनी आयुष्य कसं बदललं, हे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये लिहिलं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनेकांना नैराश्य येतं, आणि ते अंगावर काढलं तर हृदयाचा धोकाही वाढतो. अशा रुग्णांना सर्ट्रालिनसारखी गोळी सहसा देता येते. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं जपून द्यावी लागतात. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण ती आणि सर्ट्रालिन मिळून रक्तस्राव वाढू शकतो. किती चालायचं, तेही त्यांनाच विचारा. चालताना छातीत दुखलं किंवा दम कोंडला तर तिथंच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

मन लागत नाही म्हणून खर्रा तोंडात टाकणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, त्यातली तंबाखू नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवते.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटलं म्हणून ती मनानं बंद करू नका. नंतरही सहा महिने तरी घ्यावी लागते. जेवण सुटलं असेल, जीव नकोसा झाला असेल, तर नुसत्या चालण्यावर विसंबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानसची ही सेवा मोफत आहे आणि रात्रीही चालू असते.