मजुरी आणि घरातील मुले

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३०:२५–३६, ३१:३८–४२

याकोबाची कथा आपण बहुधा राहेलीवरील प्रेमाची कथा म्हणून वाचतो. या खेपेस ती एका चाकरमान्या बापाची कथा म्हणून वाचा. चौदा वर्षे चाकरी झाली, घरात अकरा मुलगे व एक मुलगी झाली, आणि तेव्हा तो लाबानाला विचारतो की, आपल्या घरच्या माणसांची तरतूद मी करावी तरी केव्हा? वेतनाचा प्रश्न येथे मुलांच्या तोंडाकडे पाहून विचारलेला आहे.

लाबानाचे उत्तर वरकरणी उदार आहे : तुझे वेतन तूच सांग. परंतु ठरावाच्याच दिवशी त्याने ठिपकेदार बकरी निवडून आपल्या मुलांच्या हाती दिली व तीन दिवसांच्या वाटेचे अंतर ठेवले. पुढे दहादा वेतन बदलले.

आपल्या देशात १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, आणि हे वेतन कशाने मोजावे याचे माप १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सांगितले. एका कामगारामागे तीन माणसांच्या खाण्याइतका खर्च धरावा, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, शिवाय घरभाडे व इंधन. आणि स्त्रियांची व मुलांची कमाई हिशेबात धरू नये. ही शेवटची अट लक्षपूर्वक पाहा. मुलाला कामावर धाडल्यावाचून घर चालले पाहिजे, असा तिचा अर्थ आहे. १९९१ साली रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत असे म्हटले. माप उत्तम आहे. दर त्या मापाने ठरणे ही निराळी गोष्ट.

आता बंगळूरच्या कोरमंगला भागात चला. तेथील इमारतींत धुणीभांडी, केरफरशी, स्वयंपाक करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया शेजारच्या एजिपुरा व राजेंद्रनगर येथून येत आल्या आहेत. जानेवारी २०१३ मध्ये एजिपुऱ्यातील आर्थिक दुर्बल वसाहतीतील शेकडो घरे पाडण्यात आली. घर लांब गेले की बसभाडे वाढते व तासही जातात. एका घरचे वेतन अपुरे पडले की बाई दुसरे, तिसरे, चौथे घर धरते. पहाटे आई बाहेर पडली की धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. शाळा अशी सुटते. कोणी ती सोड असे म्हणावे लागत नाही.

याच कर्नाटकाने २००४ साली घरकामगारांसाठी किमान वेतन जाहीर केले, तेही देशात अगदी प्रथम. (महाराष्ट्रात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला.) १९४८ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. परंतु कारखान्यात हजेरीपट असतो, निरीक्षक येऊ शकतो. आपल्या स्वयंपाकघरात यांपैकी काहीच नसते. तेथे मालक आपणच, हिशेबनीस आपणच आणि निरीक्षकही आपणच. बाईचे मूल तापाने फणफणले म्हणून तिचे तीन खाडे झाले, तर ते कापावेत की नाहीत, हे कोणत्याही कचेरीत ठरत नाही.

आपणांपैकी पुष्कळ जण म्हणतील, “तिनेच आकडा सांगितला, आम्ही घासाघीस केली नाही.” लाबानही तेच म्हणू शकला असता. ज्या बाईला उद्याच काम हवे आहे ती आपल्या मुलांच्या वह्या त्या आकड्यात धरीत नाही. हातचे घर जाईल या भीतीने ती कमीच सांगते.

म्हणून या महिन्याचा पगार देण्यापूर्वी एक कागद घ्या. आपल्या राज्याचा चालू दर कामगार खात्याकडून विचारून त्यावर लिहा. तिचे तास, तिचे बसभाडे आणि तिच्या मुलांची संख्या खाली मांडा. संख्या ठाऊक नसेल, तर आधी ती तिला विचारा.