लिनक्स सुरू होते, लॅन होत नाही : बंगळूरूत याचे किती पैसे द्यावेत?

मे महिन्यात बंगळूरूत वळवाचा पाऊस कोसळला की वीज जाते, सोसायटीचा जनरेटर घरघरतो आणि थोड्या वेळाने दिवे परत येतात. कॉम्प्युटर लावावा तर लिनक्स व्यवस्थित उघडते, लॅन मात्र जोडलेच जात नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर पहिला प्रश्न, ‘विंडोज नाही का?’ आणि दुसरे वाक्य, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ व्हिजिटचे साधारण ३०० ते ५०० रुपये, फॉरमॅटचे वेगळे ५०० ते १,०००. बहुतेक वेळा यातला एकही रुपया देण्याची गरज नसते.

आधी एवढेच पाहा, की चालू झाल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी केबल काढून पुन्हा खोचली तर लॅन चालते का? चालत असेल तर पोर्ट, केबल आणि ड्रायव्हर बहुधा ठीक आहेत. अडचण फक्त सुरुवातीच्या त्या मिनिटाची आहे आणि तिचा इलाज फुकट आहे. काही केल्या चालतच नसेल तर पोर्टवरचे दिवे बघा. दिवे लुकलुकत असतील तर दोष सेटिंगमध्ये किंवा सेवा देणाऱ्याकडे असण्याची शक्यता जास्त. दिवेच नसतील तर खिशात हात घालावा लागेल, पण तोही शेवटी.

वीज ये-जा करणाऱ्या शहरात सर्वांत जास्त आढळणारे कारण अगदी साधे आहे. एसएसडी असलेला कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उभा राहतो, तर फायबरची डबी आणि राउटर यांना दोन-चार मिनिटे लागतात. कॉम्प्युटर आयपी पत्ता मागतो, द्यायला कोणी जागे नसते, आणि काही प्रयत्नांनंतर तो नाद सोडतो. राउटरचे दिवे स्थिर झाल्यावर नेटवर्कच्या मेनूतून ‘वायर्ड’ बंद करून चालू केले की काम होते. रोजचीच कटकट असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, साधारण १,००० ते १,८०० रुपये. घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्ट दिले तर खर्च कुठे जाईल ते सांगायला नको.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर संशय विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’वर घ्या. ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि जाताना काही लॅन चिप अशा अवस्थेत सोडते की लिनक्सला त्या जाग्या करता येत नाहीत. पडताळा सोपा आहे. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आलात तर लॅन चालते, ‘शट डाउन’ करून आलात तर चालत नाही, असे दिसले की गुन्हेगार सापडला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. तात्पुरते भागवायचे तर कॉम्प्युटर बंद करून पॉवरची वायर काढा, चालू करायचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि मग लावा.

तिसरे कारण नावांचे. पूर्वी लॅनच्या पोर्टला सरसकट ‘ईटीएच शून्य’ म्हणत. २०१३पासून सिस्टिमडी ही लिनक्स सुरू करणारी यंत्रणा कार्डाच्या जागेवरून नाव ठरवते. नवे ग्राफिक्स कार्ड बसवले की लॅनचा क्रमांक कधी कधी सरकतो, आणि जुन्या नावाने लिहिलेली सेटिंगची फाइल रिकाम्या दारावर टकटक करत बसते. टर्मिनलमध्ये ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली की आजचे नाव कळते. तेच नाव उबुंटूत नेटप्लॅनच्या आणि डेबियनमध्ये इंटरफेसेसच्या फाइलीत आहे का, ते ताडून पाहा. मेनूत ‘वायर्ड अनमॅनेज्ड’ दिसत असेल तर नेटवर्क मॅनेजरने तो पोर्ट हाताबाहेर सोडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. हार्डवेअरला दोष देऊ नका.

सुरू होताना स्क्रीन दोन मिनिटे अडून बसते, ती तक्रार वेगळी. सिस्टिमडीची नेटवर्कसाठीची प्रतीक्षा मुळातच १२० सेकंदांची असते. केबल न लावलेल्या पोर्टला नेटप्लॅनमध्ये ‘ऑप्शनल’ ठरवले की मशीन वाट पाहणे सोडते.

नव्या मदरबोर्डावर रियलटेकची अडीच गिगाबिटवाली ८१२५ चिप असेल आणि लिनक्स जुने असेल, तर पोर्ट दिसतच नाही. या चिपची सोय लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.४ पासून आली. अद्ययावत करायला इंटरनेट हवे आणि इंटरनेट तर नाही, मग? फोन यूएसबीने जोडा आणि टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो वायर्ड जोडणीसारखाच दिसतो. हा तोडगा दुरुस्तीवाल्यांना माहीत असतो, सांगतात मात्र क्वचितच.

आता पैसे लागणारी बाजू. दिवे लागत नसतील तर आधी केबल बदला: तयार कॅट-सिक्स केबल १५० ते ३०० रुपये. शेजाऱ्याची उसनी लावून पाहिली तर तेही वाचतात. दिवे लागतात पण वेग शंभरापुढे जात नाही, तेव्हाही केबलच पाहा; शंभर एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. वळवाच्या विजांनी जळतो तो बहुधा पोर्ट, विशेषतः जुन्या इमारतींत गच्चीवरून तांब्याची केबल उतरवलेली असते तिथे. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान मान्य करू नका. बाकी सगळे चालत असेल तर डेस्कटॉपला ७०० ते १,००० रुपयांचे पीसीआय एक्स्प्रेस लॅन कार्ड किंवा लॅपटॉपला १,००० ते १,५०० रुपयांचा गिगाबिट यूएसबी अडॅप्टर पुरतो. रियलटेक ८१५३ चिपचा घेतला तर लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. अडीचशे-तीनशेवाले डोंगल दिसायला तसेच असतात, पण वेग शंभरपर्यंतच.

हे सगळे एस. पी. रोडला, म्हणजे सदर पत्रप्पा रोडला मिळते. ग्रीन लाइनने के. आर. मार्केटला किंवा चिकपेटेला उतरा. हिंदी सहज चालते, रविवारी बरीच दुकाने बंद असतात. तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय पाकीट काढू नका, आणि ‘बिल नको तर पन्नास कमी’ या गोडव्याला भुलू नका. बिलात १८ टक्के जीएसटी येतो खरा, पण वॉरंटी त्याच कागदावर मिळते.

सेटिंगशी झुंजायला कोणी हवे असेल तर पैसे न देताही माणसे भेटतात. बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ मध्ये इथे ‘लिनक्स बंगलोर’ परिषद सुरू केली, पुढे तिचे ‘फॉस डॉट इन’ झाले. ती आता बंद आहे, पण मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या फॉस युनायटेड या संस्थेच्या भेटीगाठी शहरात होत असतात. मशीन घेऊन गेलात तर कोणीतरी हौसेने डोके घालतोच.

दोष सेवा देणाऱ्याकडे निघाला तर ‘आमच्याकडे लिनक्स सपोर्ट नाही’ हे उत्तर ऐकून फोन ठेवू नका. तीच केबल विंडोजच्या लॅपटॉपला लावून दाखवा, तक्रारीचा डॉकेट नंबर मागा आणि लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि दुकानदाराने वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. दोन्हीकडे पहिला प्रश्न डॉकेट नंबरचा नाहीतर बिलाचाच येतो.