अर्थशिक्षणाचा तास आणि शिक्षकांना हवी असलेली साथ

दहावीची परीक्षा संपते आणि अनेक मुलामुलींचा पैशाशी थेट संबंध सुरू होतो. कोणी दुकानात कामास लागतो, कोणी वसतिगृहाचा खर्च सांभाळू लागते, कोणी हप्त्याने मोबाइल घेतो. या व्यवहारांची ओळख शाळेतच व्हावी, याविषयी फारसे दुमत नाही. ती करून देण्याची जबाबदारी मात्र शिक्षकांवर येते. त्यांना कोणती साथ हवी, याचा विचार येथे करू.

अभ्यासक्रमातील स्थान

चक्रवाढ व्याज मुले आठवीतच शिकतात. महाराष्ट्राच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत २०१७ मध्ये नववीसाठी व २०१८ मध्ये दहावीसाठी ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आले. नववीत प्राप्तिकराचा, तर दहावीत वस्तू व सेवा कर, शेअर आणि म्युच्युअल फंड यांचा परिचय होतो. म्हणजे विषय वर्गात पोहोचला आहे. तथापि उदाहरण सोडविणे आणि निर्णय घेणे यांत अंतर आहे. चक्रवाढीचे सूत्र तोंडपाठ असणारा विद्यार्थीही ‘शेकडा तीन’ या शब्दांना भुलू शकतो. हे अंतर मिटविणे हेच शिक्षकाचे खरे काम होय.

दोन नमुना पाठ

पहिला पाठ : गावातील सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो, तेव्हा तो दर महिन्याचा असतो. १०,००० रुपयांवर महिन्यास ३०० व वर्षास ३,६०० रुपये, म्हणजे दर वर्षी ३६ टक्के व्याज झाले. व्याज न देता ते दरमहा मुदलात मिळविले, तर वर्षाअखेर देणे सुमारे १४,२५८ रुपये होते. विद्यार्थ्यांनी हे बारा महिन्यांचे कोष्टक स्वतः मांडावे.

दुसरा पाठ : १२,००० रुपयांचा मोबाइल बारा हप्त्यांत, ‘फक्त १२ टक्के’ व्याजाने मिळतो. संपूर्ण रकमेवर १,४४० रुपये व्याज धरल्यास हप्ता १,१२० रुपयांचा होतो. परंतु मुद्दल दरमहा १,००० रुपयांनी घटते, त्यामुळे वर्षभरातील सरासरी बाकी ६,५०० रुपयेच राहते. तिच्यावर १,४४० रुपये व्याज म्हणजे प्रत्यक्ष दर सुमारे २२ टक्के पडतो. सरासरी काढता येणारा कोणताही विद्यार्थी हे ताडून पाहू शकतो.

शिक्षकांची अडचण

या विषयातील नियम वारंवार बदलतात. ठेवींवरील विमा संरक्षण १९९३ पासून एक लाख रुपये होते. फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास पाच लाख रुपये झाले. जुन्या टिपणांवर विसंबणाऱ्या शिक्षकाची येथे फसगत होते. शिवाय ज्याला स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीचे विवरण वा विम्याच्या अटी नीट उमगलेल्या नाहीत, त्याने वर्गात आत्मविश्वासाने बोलावे ही अपेक्षा अवाजवी आहे. म्हणून प्रशिक्षणाचा आरंभ शिक्षकाच्या स्वतःच्या अर्थव्यवहारापासून व्हावा.

उपलब्ध साहाय्य

रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा व निवृत्तिवेतन क्षेत्रांचे नियामक यांनी मिळून राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र स्थापन केले आहे. आठवी ते दहावीस शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी या केंद्राने प्रशिक्षण कार्यक्रम आखला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या सहकार्याने सहावी ते दहावीसाठी कार्यपुस्तिकाही तयार केल्या. मुख्याध्यापकांनी अशा प्रशिक्षणासाठी शिक्षकांना वेळ मोकळा करून द्यावा. गणित, समाजशास्त्र व भाषा या विषयांच्या शिक्षकांनी पाठ वाटून घेतल्यास एकावरच भार पडणार नाही. अर्ज भरणे व तक्रार लिहिणे हा भाषेचा पाठ होऊ शकतो.

बँकेची भूमिका आणि मर्यादा

जवळच्या शाखेने शाळेस कोरी चलने, नमुना पासबुक आणि एखाद्या अधिकाऱ्याचा तासभर वेळ द्यावा. दहा वर्षांवरील अल्पवयीन मुलांना, प्रत्येक बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते स्वतंत्रपणे चालविता येते. या संदर्भातील सुधारित सूचना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिल्या आहेत. परंतु वर्ग ही विक्रीची जागा नव्हे. एखाद्या योजनेची भलावण शिक्षकाच्या तोंडून झाली, तर मुलांचा विश्वास पणास लागतो. अधिकाऱ्याने योजना विकू नये, योजना कशी पारखावी हे सांगावे.

शिक्षकांसाठी काही पथ्ये

• घरचे उत्पन्न वा कर्ज मुलांना विचारू नये. काल्पनिक कुटुंबाचे अंदाजपत्रक घ्यावे. गरिबीची लाज वाटलेले मूल पुन्हा प्रश्न विचारीत नाही.
• कोणता शेअर घ्यावा, हा सल्ला देऊ नये. जोखीम आणि परतावा यांचे नाते समजावून द्यावे.
• ओटीपी कोणास सांगू नये, तसेच कमिशनच्या मोहाने आपले खाते दुसऱ्यास वापरू देऊ नये, हे निक्षून सांगावे. अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरविला जातो. सायबर फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

वर्गासाठी प्रश्न

१. दरमहा शेकडा दोन आणि वार्षिक १८ टक्के यांपैकी कोणते कर्ज महाग? का?
२. दरमहा ५०० रुपये शिल्लक राहतील, असे चौघांच्या कुटुंबाचे अंदाजपत्रक तयार करा.
३. ‘सहा महिन्यांत दुप्पट’ अशी जाहिरात दिसल्यास कोणते तीन प्रश्न विचाराल?

वाचकांपैकी अनेकजण शिक्षक वा पालक असतील. आपल्या परिसरातील शाळेत असा एक तास सुरू व्हावा, यासाठी त्यांनी जरूर पुढाकार घ्यावा. पहिली कमाई हाती येण्यापूर्वी व्याजाचा खरा दर काढावयास शिकलेले मूल कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तो दर विचारील, एवढे साधले तरी त्या तासाचे सार्थक होईल.