खो मिळेपर्यंत

रत्नागिरी,
आषाढ, रविवार रात्र

प्रिय बयो,


काल ताईचा फोन आला होता. बोलता बोलता रडायलाच लागली. ऑपरेशनला पाच आठवडे झाले, टाके सुकले, फिजिओ सांगतो तितका गुडघा वाकतो आहे, पण तू खोलीचं दार लावून मोबाइलवर जानेवारी २०२५ चे दिल्लीतले सामने पुन:पुन्हा बघतेस म्हणे. प्रियांका इंगळेच्या पोरींनी नेपाळला हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक उचलला, तो क्षण मीही इथे शेजाऱ्यांना बोलावून पाहिला होता. तेव्हा तू फोनवर किंचाळलीस ते अजून कानात आहे. आता तोच सामना तुला टोचतो, हे मला कळतं. कळतं असं म्हणायचा मला हक्क आहे, कारण माझा डावा गुडघा तुझ्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीच गेला.

ही गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. १९८३ साल. मी एकोणीस वर्षांचा. राज्य निवडीच्या सामन्यात पाठलाग करताना खांबाला वळसा घातला, पाय जांभ्याच्या खडीत रुतला आणि अंग पुढे निघून गेलं. आतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तेव्हा एमआरआय कुठलं! हाडवैद्यानं तेल चोळलं, पाला बांधला, महिनाभरात सूज उतरली आणि सगळ्यांनी ‘बरा झाला’ म्हणून टाकलं. मी पहिल्याच सरावाला पुन्हा कोसळलो. त्यानंतर खेळाडू म्हणून माझं नाव कोणी घेतलं नाही.

घरी बसलो असतो तर आंब्याच्या बागेत हिशेब लिहीत म्हातारा झालो असतो. आमच्या सरांनी निरोप धाडला, ‘लंगडत ये, पण ये.’ त्यांनी हातात एक वही आणि स्टॉपवॉच दिलं. कोण किती सेकंद पळालं, कोणाच्या हाताला कोण लागलं, तेवढं टिपायचं. पहिला आठवडा मी रागानं आकडे खरडले. दुसऱ्या आठवड्यात एक गंमत दिसली. आमचा सगळ्यात चपळ धावपटू दमला की दरवेळी उजव्याच खांबाकडे पळायचा. चार वर्षं मी त्याच्याबरोबर खेळलो होतो, पण पळता पळता हे कधी दिसलं नव्हतं. बाहेर बसल्यावर दिसलं. माझी प्रशिक्षकी त्या वहीत सुरू झाली. प्रमाणपत्र बिमाणपत्र फार पुढची गोष्ट.

आपल्या खेळात पाठलाग करणाऱ्या नऊंपैकी आठ जण चौरसात बसलेले असतात. खो मिळायच्या आधी उठलं की चूक, खो मिळाल्यावर रेंगाळलं तरी गडी निसटला. बसणाऱ्याचे डोळे, टाचा, श्वास सगळं पळत असतं. हे तू दहाव्या वर्षापासून करत आलीस गो. सध्या तू चौरसात आहेस एवढंच. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. तेव्हा सहाव्या महिन्यात कोणी ‘एकच सामना खेळ’ म्हणालं तर त्याला माझा नंबर दे.

आता थोडं माझ्याबद्दल, आणि हे लिहिताना हात जड होतोय.

प्रशिक्षक झालो ती पहिली दहा-बारा वर्षं मी वाईट शिक्षक होतो. ओरडायचो, फेऱ्या मारायला लावायचो आणि त्याला शिस्त म्हणायचो. एका पोराला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, ‘तुझ्यानं व्हायचं नाही.’ तो परत आला नाही. पुष्कळ वर्षांनी मिरकरवाड्यावर मासळी घ्यायला गेलो, तर बोटीवरून तोच उतरला, तांडेल झालेला. हसून ओळख दिली, सुरमई कापून दिली, आणि पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं वाटलं असतं. त्या सुरमईची आमटी माझ्या घशाखाली उतरली नाही.

त्यानंतर मी शिकायला लागलो, तेही सरळ नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी प्रशिक्षकांच्या परीक्षेला बसलो आणि शरीरशास्त्रात नापास झालो. दुसऱ्या खेपेला पुढच्या बाकावर माझाच जुना विद्यार्थी बसला होता. त्याला लाज वाटत होती, मला नाही. (हे खोटं आहे. मलाही वाटत होती.) आपल्याच गावात जन्मलेले टिळकही कॉलेजचं पहिलं वर्ष तालमीत घालवून नापास झाले होते, हे त्या दिवशी मी स्वतःला चारदा सांगितलं. पालकांना मात्र ही गोष्ट सांगायची सोय नाही, डोळे वटारतात.

दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे तर तुला शाळेपासून पाठ आहेत. सतरा वर्षांचा मुलगा, धो धो पावसात घाट चढून शंभरावर मैल चालत परीक्षेला साताऱ्याला गेला, आणि ‘वयानं लहान दिसतोस’ म्हणून त्याला बसूच दिलं नाही. भाषणं करणारे इथे टाळ्या घेतात आणि चालण्याचं कौतुक करून थांबतात. मला त्या मुलाची परतीची वाट दिसत राहते. जाताना निदान पुढे परीक्षा होती. येताना काय होतं? त्या वाटेबद्दल कोणी बोलत नाही, आणि तू आज नेमकी त्या वाटेवर आहेस. तोच मुलगा १८८४ मध्ये बी. ए. झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ मध्ये, त्यानं महिला विद्यापीठ काढलं, एकाहत्तराव्या वर्षी परदेशात हिंडायला निघाला, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था उभी केली. मी एकसष्ट वर्षांचा आहे. अजून डाव संपलेला नाही असं धरून चालतो.

आता जे सांगायचं आहे ते. तू पुण्याला गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. वेळ होता, म्हणून सातवीतल्या एका पोरीकडून मोबाइलवर हळू गतीनं चित्रण बघायला शिकलो. मुलींचा सूर आणि त्यानंतरचं उठणं बघितलं, तर वळताना निम्म्या जणींचे गुडघे आत झुकत होते. वाचलं, विचारलं, तेव्हा समजलं की लिगामेंट तुटण्याची ती एक नेहमीची वाट आहे, आणि ते मुलींमध्ये जास्त होतं. फुटबॉलवाल्यांनी यासाठी ‘फिफा ११ प्लस’ नावाचा वीसेक मिनिटांचा सराव केव्हाच बसवला आहे. एका पायावर तोल, उडी मारून गुडघा सरळ ठेवून उतरणं, मांडीचा मागचा स्नायू बळकट करणं, असलं साधंच. नॉर्वेतल्या मुलींवर तो करून बघितला, तर दुखापती कमी झाल्या. मी पावसाळ्यात शाळेच्या पडवीत आमच्या मुलींना तो सुरू केला.

पण तुला मी तो कधीच शिकवला नाही. तुला मी वीस वर्षं घोटलेलं तेच जुनं वळण शिकवलं, आणि तू ते इतकं मन लावून शिकलीस की तुझा गुडघा तसाच आत झुकायचा. तुझा जुना व्हिडिओ काल रात्री तीनदा पाहिला. गुडघा त्या वळणामुळेच गेला असं डॉक्टरही छातीठोक सांगणार नाहीत, मीही सांगत नाही. मात्र माझ्या न शिकलेल्याची किंमत दुसऱ्याचं शरीर देतं, एवढं मला त्या पडद्यावर दिसलं. हल्लीच्या शिबिरांत पाहुणे येऊन ‘रेझिलियन्स’वर तासभर बोलतात. आजी त्याला ‘तगणं’ म्हणायची, ‘कलम तगलं हो’ म्हणायची. पण तगलेल्या कलमाला पाणी कोणी घातलं, चुकीच्या जागी कोणी लावलं, हेही विचारायला हवं ना? तुला मी नुसतं ‘चिवट हो’ सांगितलं तर तो माझा कातडीबचाऊपणा होईल.

म्हणून आता काम सांगतो. तुझ्या गुडघ्याच्या व्यायामाची वही तूच लिही, रोज, दुखलं त्या दिवशीसुद्धा, आणि आठवड्याला फोटो मला पाठव. फिजिओला ‘का’ विचारत जा, तो कंटाळला तरी. आणि गणपतीला सरळ इकडे ये. मारुती मंदिरापर्यंत रिक्षा करू, चालायचं नाही. दहा वर्षांच्या अकरा पोरी आहेत, त्यांचं वळणं मी एकटा टिपू शकत नाही, नजरही आता पूर्वीची नाही. तुला खुर्ची देईन, वही देईन. ओरडलो तर मला थांबवायचं काम तुझं.

ताईशी बोल आजच. आणि येताना अप्पा बळवंत चौकातून माझ्या स्टॉपवॉचचा सेल घेऊन ये, इथल्या दुकानदारानं दोनदा चुकीचा दिला.

तुझा,
मामा