बधिरपणा उतरण्याआधीची गोळी

मनगटाचं हाड मोडलं आणि प्लेट बसवावी लागली. गळपट्टीच्या हाडाच्या वर इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला होता; याला ‘ब्लॉक’ म्हणतात. संध्याकाळी घरी आले तेव्हा दुखणं अजिबात नव्हतं. झोळीतला हात उशीवर ठेवायचा तर दुसऱ्या हाताने उचलून ठेवावा लागत होता. चिठ्ठीवर ‘दुखल्यास गोळी’ एवढंच लिहिलेलं. मध्यरात्रीनंतर बोटांना मुंग्या आल्या आणि बघता बघता असा ठणका सुरू झाला, की बोलवेना. गोळी घेतली, पण ठणका आटोक्यात यायला उजाडलं.

हे अपवादाने घडत नाही. त्याच दिवशी घरी सोडलेल्या, ब्लॉक दिलेल्या रुग्णांचा कॅनडातला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्यांना ब्लॉक उतरल्यावर असं तीव्र दुखणं झालं होतं. हाडाची ऑपरेशनं, कमी वय आणि स्त्रिया यांत प्रमाण जास्त. इतकी माहीत असलेली गोष्ट रुग्णाला आधी सांगत नाहीत, याचा मला आजही राग येतो.

पुढे जावेच्या घोट्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आम्ही भूलतज्ज्ञांना आधीच गाठलं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ब्लॉकमध्ये मिसळलं किंवा शिरेतून दिलं, तर बधिरपणा काही तास लांबतो आणि उतरतानाचा ठणकाही कमी होतो. नसेजवळ देण्याची त्याला अधिकृत मान्यता नाही, म्हणून त्यांनी शिरेतून दिलं. जावेला मधुमेह आहे. या औषधाने साखर वाढते, त्यामुळे ती वरचेवर तपासली. डेक्समेडेटोमिडीन या दुसऱ्या औषधानेही ब्लॉक लांबतो, पण नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. जावेला ब्लॉक उतरताना दुखलं, पण झोप लागली.

नुसता ब्लॉक लांबवून भागत नाही. तो किती वाजता उतरेल ते विचारा, आणि दुखायची वाट न पाहता आधीपासून ठरल्या वेळी कोणती गोळी घ्यायची ते लिहूनच मागा. बधिर हात-पाय गरम पिशवीपासून लांब ठेवा. गोळ्यांना न जुमानता दुखणं वाढत गेलं, बोटं पांढरी-निळी किंवा थंड पडली, प्लास्टर आवळल्यासारखं वाटलं, तर ‘ब्लॉक उतरतोय’ म्हणून थांबू नका. रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.