गाडीखालचं ‘फालतू’ लोखंड : काढावं की ठेवावं?

मशीन डिझाइनच्या पेपरात आपण ‘बोल्टेड जॉइंट’ मार्कांसाठी पाठ करतो. गाडीखाली झोपून तोच बोल्ट बघितला की सिलॅबस एकदम खरा वाटायला लागतो. मागच्या सुट्टीत मी धंतोलीतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकत होतो. धंतोली म्हणजे गल्लोगल्ली दवाखाने. तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणारी एक पिकअप आली. सिमेंट रोडच्या कडेला गाडीचं तोंड खालून घासत होतं. ड्रायव्हर काकाजी म्हणाले, “भाऊ, समोरून खाली जे जे फालतू लटकून राहिलं, ते सारं काढून टाक. ॲव्हरेजबी वाढन.”

आधी ॲव्हरेजचा हिशेब करू. समजा ६ किलो लोखंड निघालं आणि भरलेली गाडी ३ टनांची आहे. म्हणजे फक्त ०.२ टक्के! मोठा एकच सिलिंडर ५० किलोच्या वर भरतो. तेव्हा वजनासाठी काढण्यात अर्थ नाही. घासत असेल तर विचार करू, पण प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारून : तू इथे कशासाठी?

१. बांधायचे हूक : नवी गाडी कारखान्यातून ट्रेलरवर जाते, तेव्हा साखळी यांना अडकवतात. नंतर त्यांचं काम संपतं. बोल्टवर असतील तर निघतात. मात्र मॅन्युअलमध्ये त्यालाच टोइंग हूक म्हटलं असेल तर ठेवा. नाहीतर चिखलात फसल्यावर कोणीतरी दोर सस्पेन्शनच्या आर्मला बांधेल आणि आर्म वाकेल. वेल्डिंग केलेला हूक गॅसने कापू नका, उष्णतेने चासी कमजोर होऊ शकते.

२. रिकामे ब्रॅकेट : एकाच चासीवर कंपनी अनेक मॉडेल काढते. दुसऱ्या मॉडेलचं ब्रॅकेट आपल्या गाडीत नुसतंच राहतं. बोल्टवर असेल तर हे बिनधास्त काढा.

३. रबरवरचा ठोकळा : काही गाड्यांत असतो. दिसायला भंगार, पण हा डॅम्पर आहे. वस्तुमान ४ किलो आणि रबराची स्टिफनेस १,००,००० न्यूटन प्रति मीटर धरली, तर नैसर्गिक कंपनसंख्या सुमारे २५ हर्ट्झ येते. त्याच कंपनसंख्येची थरथर तो शोषतो. काढला की स्टिअरिंग थरथरू शकतं.

४. बंपरखालची पट्टी आणि कव्हर : वेगात ही पट्टी गाडीखालचा दाब कमी ठेवते, त्यामुळे रेडिएटरमधून हवा ओढली जाते. कव्हरमुळे गरम हवा परत पुढे येत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना ही काढली आणि सिलिंडरची गाडी वर्धा रोडवर गरम होऊन थांबली, तर तिकडे पेशंट वाट बघत असतो.

आता काढायची पद्धत. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, घोडी लावाच. तोच बोल्ट दुसरं काही धरत नाही ना, हे बघा. ५ मिलिमीटरची पट्टी काढून जुना बोल्ट तसाच लावला, तर तो आंधळ्या भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण पकड शून्य! तेवढा आखूड, त्याच ग्रेडचा बोल्ट घ्या आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. उघड्या भोकात रबरी बूच बसवा, नाहीतर पाणी शिरून आतून गंज धरतो.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून बाहेरून लावलेले बुल-बारही याच कलमात धरले. म्हणजे लावतानाही विचार हवाच.

आम्ही त्या पिकअपचे घासणारे दोन हूक काढले. टोइंग हूक ठेवला आणि लोंबणाऱ्या पट्टीला नव्या क्लिपा लावल्या. काकाजींना वाटलं, काम कमी केलं. मिस्त्री म्हणाले, “जे काढलं त्याचे पैसे घेतो, जे ठेवलं ते फुकट सांगितलं.” व्हायवाला एक्स्टर्नलने ‘हा पार्ट कशासाठी?’ विचारलं तर घाबरू नका. इंजिनिअरिंगचा पहिला प्रश्न तोच आहे.